गंजीत हात कोणी घालायचा

आमच्या जिनिंगमध्ये यार्ड मॅनेजर नावाची जागा कधीच नव्हती. कापूस यायचा, उतरायचा, त्याच्या गंज्या लागायच्या, गंज्या उपसून आत जायच्या, रुई एकीकडे आणि सरकी एकीकडे व्हायची. हे सगळं कोणी सांभाळतं आहे की आपोआप होतं आहे, असा प्रश्न कोणाला पडत नसे. मग एका वर्षी आमचे मालक हैदराबादला एका मोठ्या हॉटेलात दोन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले. तिथे त्यांना समजलं, की ज्या धंद्यात मॅनेजर नाही तो धंदा नव्हे, दुकान. हे त्यांच्या जिव्हारी लागलं. आदिलाबादला परतताना त्यांनी गाडीतून एक सल्लागार आणला आणि सल्लागाराने लॅपटॉपमधून चौकटींचा एक तक्ता आणला. तक्त्यात सगळ्यात वर मालक होते, खाली आम्ही सगळे होतो, आणि मधली एक चौकट रिकामी होती. ती भरायची ठरलं.

मी या जिनिंगचं ऑफिस सांभाळतो. माझे आजोबा निजामाच्या काळात पैनगंगा ओलांडून इकडे आले आणि महसूल खात्यात गिरदावर झाले. आमच्या घरात अजून अर्जाला दर्खास्त म्हणतात, फायलीला मिसल म्हणतात, आणि घरातला प्रत्येक पुरुष आपण जन्मतःच साहेब आहोत या समजुतीत वाढतो. मीही वाढलो. ही समजूत टिकवायला फारसं काही करावं लागत नाही. सावकाश बोलायचं, कोणी काही विचारलं की आधी चष्मा पुसायचा, आणि शक्यतो सही करायची नाही.

माझं एक गुपित होतं. मी मराठी शाळेत शिकलो. तेलुगू बोलतो, भांडतोसुद्धा, पण वाचायचं म्हटलं तर दुकानांच्या पाट्यांपलीकडे माझी मजल जात नाही. पंचवीस वर्षं तेलुगूत पत्रं येणाऱ्या ऑफिसात मी हे कोणाला कळू दिलं नव्हतं. पत्र आलं की मी ते शेजारच्या टेबलावर सरकवायचो आणि म्हणायचो, ‘बाई, जरा बघा बरं काय म्हणतात ते. माझा चष्मा घरी राहिला.’ चष्मा माझ्या नाकावर असायचा. शेजारच्या टेबलावरची बाई मान वर न करता पत्र वाचून दाखवायची. तिनं माझ्या नाकाकडे कधी पाहिलं नाही, हा तिचा मोठेपणा. मला तेव्हा तो माझा हजरजबाबीपणा वाटायचा.

ही बाई जैनथकडच्या एका गावातून रोज ऑटोनं यायची. घरी मराठी, शाळा तेलुगू, हिंदी अडत्यांकडून ऐकून ऐकून शिकलेली. मजूर बायांची हजेरी लिहायला म्हणून तिला ठेवलं होतं आणि कागदावर ती हजेरी लिहिणारीच होती. पण हजेरी लिहून होईपर्यंत सकाळचे नऊ वाजायचे, आणि नऊनंतरच्या दिवसाचं काय करायचं ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून ती यार्ड चालवायची. कोणाचा टेम्पो आधी उतरवायचा, कोणत्या गावचा कापूस कोणत्या गंजीला लावायचा, कोणत्या हमालाची कोणत्या हमालाशी बोलचाल बंद आहे, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. शेतकऱ्याशी मराठीत, ड्रायव्हरशी तेलुगूत आणि अडत्याशी हिंदीत ती एकाच वेळी बोलायची, आणि तिघांनाही वाटायचं की बाई आपल्या बाजूची आहे.

आणखी एक काम ती करायची. रोज चारच्या सुमाराला ती गंज्यांमधून फिरायची, बाही वर सरकवायची आणि हात गंजीत घालायची. पुरता, खांद्यापर्यंत, गाल कापसाला टेकेपर्यंत. डोळे मिटून थोडा वेळ तशीच उभी राहायची. कापसात ओल राहिली की गंजी आतून तापते. वरून पाहिलं तर पांढरीशुभ्र, आत कापूस पिवळा पडत असतो, आणि एखादे दिवशी धूरच निघतो. हात बाहेर काढून ती एवढंच म्हणायची, ‘ही राहू द्या,’ नाहीतर ‘ही फोडा.’ फोडा म्हटलं की दहा हमाल लागायचे, आणि गंजी मोडून, पसरवून, वारा देऊन पुन्हा लावायचे. तिच्याशी वाद घालताना मी कोणाला पाहिलं नाही. अकरा हंगाम हे आमच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. आम्हाला ते दिसायचं थांबलं होतं.

यार्ड मॅनेजरची जागा निघाल्याचं मी नोटीस बोर्डावर लावलं, त्या दिवशी पहिली दर्खास्त तिची आली.

‘तुम्ही कशाला बाई या भानगडीत पडता?’ मी म्हणालो.

‘काऊन सायेब? काम तर मीच करून राह्यली. नाव बी माह्यं लागलं तं काय बिघडते?’

‘तसं नाही. पण त्यांना शिकलेलं माणूस पाहिजे.’

ती म्हणाली, ‘पोरीच्या शाळेत दर वर्सी फॉरम भरा लागते. आईचं काम काय, असं लिवून असते. मी दर वर्सी मजूर लिवते. पोरगी आता सातवीत गेली, ती वाचते. अवंदा मले दुसरं काही लिवाचं हाय.’

मी दर्खास्त मिसलीत लावली. माणूस म्हणून मला बरं वाटलं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. मग संध्याकाळी मी चौकटींचा तक्ता काढून पाहिला. यार्ड मॅनेजरची चौकट माझ्या चौकटीच्या शेजारी होती. शेजारी म्हणजे किंचित वर. मी फूटपट्टी लावून पाहिली.

मुलाखतीसाठी सल्लागाराने इंग्रजीत दहा प्रश्न पाठवले. ते वाचून असं वाटलं, की कापूस नावाची वस्तू जगात नाही आणि यार्ड म्हणजे एक मनःस्थिती आहे. तुमची सर्वात मोठी कमजोरी कोणती, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता, दोन सहकाऱ्यांत वाद झाल्यास तुमची भूमिका काय राहील, असे ते प्रश्न. मालकांना एकदम उदारपणा सुचला. उमेदवार तीन, तिघांच्या भाषा तीन, तर प्रश्न तिन्ही भाषांत असले पाहिजेत. ‘कौन करेगा?’ असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, ‘ते काम माझ्याकडे लागलं.’

घरी नेऊन मी मराठी केलं. त्यात मला भूमिका, दृष्टिकोन, अनुषंगाने असे शब्द वापरता आले आणि समाधान वाटलं. हिंदी करायचा कंटाळा आला. तेलुगूचा कागद मी समोर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे कागद शेजारच्या टेबलावर सरकवले.

‘बाई, जरा एवढं तिन्ही भाषांत नीट उतरवून द्या बरं. माझा चष्मा…’

तिनं पहिला कागद वाचला. ‘सायेब, हे तं उद्याचे प्रश्न हायेत.’

‘हो ना.’

‘मी बी दर्खास्त देली हाय.’

‘तुमचं काय बाई, तुम्ही घरच्याच. टाका करून.’

तासाभरात तिनं कागद परत दिले. तेलुगू झालं होतं, हिंदी झालं होतं, आणि माझं मराठीसुद्धा तिनं पुन्हा लिहिलं होतं. त्यात अनुषंगाने कुठेच नव्हतं. प्रश्न मात्र आता कोणालाही समजले असते. मला थोडा रागच आला.

मुलाखतीच्या दिवशी मी भाचीच्या लग्नात शिवलेला कोट घातला. भाद्रपदातलं ऊन, वर पत्र्याचं छप्पर, आत कोट, आणि साहेबी टिकवायची म्हणून मी गळ्यापर्यंत बटणं लावलेली. टेबलामागे तीन खुर्च्या होत्या. मध्ये मालक, उजवीकडे सल्लागार, डावीकडे मी. टेबलावर स्वच्छ कापड होतं, पाण्याचे पेले झाकलेले होते, आमच्यापुढे उमेदवारांच्या नावांची यादी, गुणांचे तक्ते आणि टोकदार पेन्सिली होत्या. हे सगळं कोणी मांडलं, असा विचार आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नाही. यादीत सगळ्यात शेवटी तिचंच नाव होतं. कारण आधीच्या दोघांना बसवून, पाणी देऊन, एकेकाला आत पाठवल्याशिवाय ती स्वतः आत कशी येणार?

पहिला आमचा वजनकाट्यावरचा माणूस. गरीब, वयस्क, काट्याच्या खिडकीत बसून बसून मानेला कायमचा बाक आलेला. त्याला कोणीतरी सांगितलं होतं, की दर्खास्त दिली नाही तर मालकांना वाईट वाटेल. म्हणून त्यानं दिली होती.

‘आपकी सबसे बड़ी कमज़ोरी?’ सल्लागाराने विचारलं.

‘शुगर है साब,’ तो म्हणाला.

पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता, यावर त्यानं बराच विचार केला आणि खिडकीतून बाहेर बोट दाखवून म्हणाला, ‘काटे पे.’ उरलेल्या सगळ्या प्रश्नांना त्याचं एकच उत्तर होतं, ‘सेठजी जो बोलेंगे.’ मालकांना तो फार आवडला. सल्लागाराने मान हलवली आणि तक्त्यात शून्याजवळचे आकडे भरले. बाहेर जाताना तो इतका मोकळा होऊन हसला, की मला त्याचा हेवा वाटला.

दुसरा मंचेरियलचा एक तरुण. वडील कोळशाच्या खाणीत, मुलगा एमबीए. टाय होता, बूट चकचकीत होते, आणि प्लॅस्टिकमध्ये घट्ट बसवलेली प्रमाणपत्रं होती, इतकी की त्यानं ती टेबलावर मांडल्यावर पाण्याचे पेले खाली ठेवावे लागले. त्यातलं एक प्रमाणपत्र नुसतं हसरं राहण्याच्या शिबिराचं होतं. कमजोरी विचारल्यावर तो म्हणाला, ‘सर, मैं हर काम में परफेक्शन ढूँढता हूँ.’ सल्लागाराचा चेहरा खुलला. हे उत्तर त्याच्याच शिबिरात शिकवत असावेत. मालकांनी मध्येच विचारलं, ‘कपास देखा है कभी?’ तरुण जराही डगमगला नाही. ‘सर, कमोडिटी कोई भी हो, प्रिन्सिपल सेम रहते हैं.’ मालकांना प्रिन्सिपल म्हणजे शाळेतले एवढंच माहीत होतं, पण वाक्य इंग्रजीसारखं वाटल्यामुळे त्यांनी मान डोलावली. हा तरुण वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. त्याला नोकरी हवी होती आणि ती मिळवण्यासाठी जगात जे बोलतात ते तो बोलत होता.

मग ती आली. तिनं दार लोटलं, पदर नीट केला आणि खुर्चीच्या टोकावर बसली. खुर्चीत पाठ टेकवून बसलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

‘सबसे बड़ी कमज़ोरी?’

‘मले नाई म्हणता येत नाई,’ ती म्हणाली. ‘ज्याचं काम हाय त्याले करू द्या पाह्यजे. पण तो करतच नाई म्हणून मी करून टाकते. मंग तो शिकतच नाई.’ मालकांना नीट कळावं म्हणून तिनं तेच हिंदीत सांगितलं. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मीच टेबलावरच्या कापडाचं टोक नीट करत बसलो.

दोन सहकाऱ्यांत वाद झाला तर? तिनं दोन टेम्पोवाल्यांची गोष्ट सांगितली. पूर्वी ज्याचा आवाज मोठा त्याची गाडी आधी उतरायची. एक जण तेलुगूत ओरडायचा, दुसरा मराठीत, आणि फाटकावर तासन्‌तास खोळंबा व्हायचा. तिनं ठरवलं, ज्याचा कापूस ओला त्याची गाडी आधी. ‘ओला थांबला का तापते. मंग ते मोठ्यानं वरडू देत नाई तं लहान्यानं. आता कोणी वरडतच नाई. वरडून फायदा नाई ना.’ मालक खुर्चीत सरळ बसले. हा नियम त्यांच्याच यार्डात सहा हंगाम चालू होता आणि तो आपण केला असावा अशी त्यांची समजूत होती.

पाच वर्षांनी?

‘पाच वर्सानं या खुर्चीवर दुसरी कोणी पाह्यजे. मी शिकवलेली. नाईतं मी मॅनेजर होऊन केलं काय?’

सल्लागाराने लिहायचं थांबवलं. हे त्याच्या शिबिरात शिकवत नसावेत. मालक हळूच म्हणाले, ‘अरे वा.’ त्या दोन शब्दांबरोबर माझ्या डोळ्यांसमोर तो तक्ता आला आणि माझ्याहून किंचित वरची चौकट हळूहळू भरताना दिसली. खरं सांगायचं तर मी घाबरलो. ती वर गेली तर माझी पत्रं कोण वाचणार? उद्या भर मीटिंगमध्ये तिनं माझ्यापुढे एक तेलुगू कागद ठेवला आणि सही मागितली तर?

मी घसा साफ केला. आजोबांकडून मला एक विद्या मिळाली आहे. ज्या वाक्यात आपण अडकू शकतो, त्यात करणाऱ्याचं नावच ठेवायचं नाही.

‘एक बाब निदर्शनास आणणं माझं कर्तव्य आहे,’ मी म्हणालो. ‘या उमेदवारांच्या पाहण्यात हे प्रश्न आधीच आलेले आहेत. भाषांतर यांच्याकडून झालेलं आहे.’

झालेलं आहे. जसं काही पाऊस झालेला आहे. कोणी करवलं, कोणी कागद सरकवले, कोणाचा चष्मा कोणाच्या नाकावर होता, त्यातलं काहीच त्या वाक्यात नव्हतं. सल्लागाराने तोंडानं चक्‌ असा आवाज केला आणि गुणांच्या तक्त्यावर एक आडवी रेघ मारली. त्याला एकदम मोकळं वाटलेलं दिसलं.

ती माझ्याकडे पाहत होती. एका वाक्यात ती मला उघडं पाडू शकली असती. तिनं ते केलं नाही. मालकांकडे वळून ती म्हणाली, ‘हो, पाह्यले मी प्रश्न. मंग दुसरं काही विचारा ना. यार्डातलं विचारा. काही बी विचारा.’

मालकांनी सल्लागाराकडे पाहिलं. सल्लागाराने लॅपटॉपकडे पाहिलं. त्यात दहाच प्रश्न होते. मी वर पंख्याकडे पाहिलं. तीन माणसं, एक कापसाचा धंदा करणारा, एक माणसं पारखण्याचा धंदा करणारा, आणि एक पंचवीस वर्षं त्या यार्डाच्या खिडकीत बसलेला. आम्हाला एक प्रश्न सुचला नाही. यार्डाबद्दल काय विचारतात हे आम्हाला माहीतच नव्हतं. ती वाट पाहत बसली होती. शांतता इतकी वाढली, की काहीतरी बोलणं भाग होतं, आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, ‘बाई, चहा सांगितला का?’

ती उठली. ‘सांगतला,’ म्हणाली. ‘आणते.’

तीन कप आले. मालकांचा जास्त दुधाचा, सल्लागाराचा कडक, माझा बिनसाखरेचा. तिनं ते ज्याच्या त्याच्यापुढे ठेवले आणि दार ओढून घेतलं. मला लाज वाटली. चहा मात्र चांगला झाला होता आणि मी तो सगळा प्यालो. कप रिकामे होईपर्यंत मंचेरियलच्या तरुणाची निवड झालेली होती. त्याच्या नेमणुकीचं पत्र दुसऱ्या दिवशी तेलुगूत आणि इंग्रजीत टाइप झालं. कोणी केलं ते सांगायला नको.

नव्या मॅनेजरांनी आल्या आल्या तीन गोष्टी केल्या. हमालांना रंगीत जाकिटं दिली, ऑफिसच्या भिंतीवर एक डोंगर आणि त्यावर चढणारा माणूस असं चित्र लावलं, आणि कोरोनाच्या दिवसांत दुकानाच्या दारात कपाळावर रोखायचे तसलं तापमान पाहायचं यंत्र विकत आणलं. रोज दुपारी ते प्रत्येक गंजीवर यंत्र रोखायचे, आकडा मोबाइलमध्ये भरायचे आणि मालकांना पाठवायचे. मालक उत्तरात अंगठा पाठवायचे. ते यंत्र गंजीच्या वरचा कापूस किती तापला आहे ते सांगायचं, म्हणजे थोडक्यात आदिलाबादचं हवामान सांगायचं. मॅनेजर ऑफिसात परतले, की ती बाही सरकवून हात गंजीत घालायची.

त्या हंगामात एकही गंजी पिवळी पडली नाही. फाटकावर भांडण झालं नाही. संक्रांतीला मालकांनी तिळगूळ वाटताना भाषण केलं, की मॅनेजर आल्यापासून यार्डाकडे बघावंच लागत नाही. सल्लागाराने म्हणे पुढच्या शिबिरात आमच्या जिनिंगचा दाखला दिला. आमची निवड किती अचूक होती, हे सगळीकडे सिद्ध झालं. ते सिद्ध करायला ती रोज चार वाजता यार्डात हजर असायची.

उन्हाळ्यात तिनं राजीनामा आणून दिला. जैनथ रस्त्यावरच्या एका जिनिंगनं तिला यार्ड मॅनेजर म्हणून बोलावलं होतं.

‘मुलाखत कशी झाली?’ मी विचारलं. मला खरोखरच कुतूहल होतं.

‘झालीच नाई. त्याहीचा मालक दोन वर्सांपासून आपल्या फाटकावर यून उभा राहे. शेतकऱ्यांच्या गर्दीत. मले वाटे, कोणाचा पावना असंल.’

तिला अनुभवाचा दाखला हवा होता. मी तो केला. रजिस्टरात होतं तेच लिहिलं, बारा हंगाम, हजेरी लिहिणारी. रजिस्टराबाहेर मी जात नाही. तिनं तो वाचला. सल्लागाराच्या तक्त्याप्रमाणे यार्डातल्या माणसाच्या दाखल्यावर यार्ड मॅनेजरची सही लागायची. मॅनेजर कागद हातात घेऊन इकडे तिकडे पाहू लागले. मजकूर मराठीत होता.

‘किधर साइन करना है?’

तिनं कागदावर बोट ठेवलं. ‘इथं, सायेब.’

त्यांनी सही केली. मग बिचारे मनापासून म्हणाले, ‘मॅडम, जाने से पहले मुझे थोड़ा सिखा देते तो…’

‘सांगतलं असतं ना,’ ती म्हणाली. ‘तुमी कोणी कधी विचारलंच नाई.’

दिवाळीनंतर नवा हंगाम सुरू झाला आणि ऐन वेचणीत अवकाळी पाऊस आला. टेम्पो ओला कापूस भरभरून आणू लागले. मॅनेजरांनी रांग लावली, जो आधी येईल तो आधी. फाटकावर पुन्हा ओरडाआरडा सुरू झाला. एका दुपारी हमालांचा मुकादम ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला.

‘मागची मोठी गंजी वास मारून राह्यली. फोडाची का राहू द्याची?’

आम्ही दोघं गेलो. मॅनेजरांनी यंत्र रोखलं. आकडा कालचाच होता. वास मात्र मलाही आला, कोंदट, उकडलेल्या सरकीसारखा. फोडायची तर दहा हमाल दुपारभर गुंतणार आणि फाटकावरचे टेम्पो तसेच राहणार. न फोडावी तर काय होईल, याचा मी विचार करायचं टाळलं. मुकादम माझ्याकडे पाहत होता. पंचवीस वर्षांत त्यानं माझ्याकडे अशा कामासाठी कधी पाहिलं नव्हतं.

मी बाही दुमडली आणि हात गंजीत घातला. कोपरापर्यंत. आत गरम होतं. पण गरम म्हणजे किती गरम? कापूस उबदार असतोच. हे चालण्यासारखं गरम होतं की फोडण्यासारखं? हात तसाच आत ठेवून मी उभा राहिलो, आणि तेव्हा मला तो प्रश्न सुचला, त्या दिवशी पंख्याकडे पाहत असताना जो सुचला नव्हता. गंजी फोडायची की नाही, हे तुम्ही कसं ठरवता? एवढंच विचारायचं होतं.

दुसऱ्या हातानं मी तिला फोन लावला. तिच्या मागे टेम्पोंचे आवाज येत होते आणि कोणीतरी ‘मॅनेजर बाई, ओ मॅनेजर बाई’ म्हणून हाका मारत होतं. मी सगळं सांगितलं आणि विचारलं.

‘हात कुठंवर घातला सायेब?’

‘कोपरापर्यंत.’

हाका मारणाऱ्याला तिनं ‘थांब जरा’ म्हटलं.

‘कोपरापर्यंत साऱ्याच गंज्या सारख्या लागतात. खांद्यापर्यंत घाला. गाल टेकला पाह्यजे. मंग फोन करा, सांगते.’ आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, ‘चष्मा आधी काढून ठेवजा, आत पडंल. आज तं नसंल ना घरी राह्यला?’

मी चष्मा काढला. शर्ट काढला. मॅनेजरसाहेबांनी दोन्ही नीट धरलं.